१७२ दिवसांचं वर्ष

शनिवारी सकाळी मी जाळीमागे घडीची खुर्ची टाकून बसतो, हातात क्लिकर घेऊन. पोराने चेंडू टाकला की अंगठ्याने टक. एवढंच काम, पण माझ्या आठवड्यातलं सर्वांत जबाबदारीचं. पिट्सबर्गच्या उपनगरातली आमची लिटल लीग, म्हणजे पोरांचं बेसबॉल. नियम असा की ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकायचे, आणि जेवढे टाकले त्या हिशेबाने सक्तीची विश्रांती घ्यायची. २१ ते ३५ झाले तर एक दिवस, ३६ ते ५० झाले तर दोन. त्या दिवशी चिरंजिवांचे ३५ झाले होते आणि दोन आऊट होते. पुढच्या मुलाने पहिल्याच चेंडूवर शॉर्टस्टॉप नावाच्या क्षेत्ररक्षकाकडे सोपा फटका मारला, तिसरा आऊट, इनिंग म्हणजे डाव संपला. क्लिकरवर ३६. सोमवारी पुढची मॅच. पोरगा धावत जाळीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, थर्टी-फाइव्ह सांगा ना. प्लीज."

मी ३६ च सांगितले. गाडीत तो माझ्याशी बोलला नाही. मला मात्र हसू आवरत नव्हतं, कारण एका आकड्याची ही चलाखी मोठ्या लीगमध्ये कोट घातलेली, शिकली-सवरलेली माणसं करतात. फरक इतकाच की तिथे चेंडू नाही, दिवस मोजतात, आणि एक आकडा कमी भरल्याचा फायदा पोराला नाही, मालकाला होतो.

तो हिशेब आधी सांगतो. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वांत वरची व्यावसायिक लीग. तिचा हंगाम साधारण १८७ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस खेळाडू मुख्य संघाच्या यादीत राहिला की त्याचं एक वर्ष भरलं असं धरतात. अशी सहा वर्षं भरली की तो मोकळा: हव्या त्या संघाकडे जावं, हवा तो भाव मागावा. तोवर तो ज्याच्या पदरी पडला त्याचाच. पहिली तीनेक वर्षं तर किमान पगाराच्या आसपासच काढायची. २०२५ मध्ये हा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. तुम्हा-आम्हाला तो लॉटरी वाटेल, पण अव्वल पिचरचा (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा) बाजारभाव वर्षाला तीन-चार कोटी डॉलर असताना ही चिल्लरच. मग पगाराचा तंटा लवादाकडे जाईल या धाकाने थोडा-थोडा वाढणारा पगार, आणि शेवटी सुटका. आता १७२ ऐवजी १७१ दिवस भरले तर? वर्ष भरलंच नाही. सहाची जवळपास सात होतात. म्हणजे एप्रिलमधले दोन-अडीच आठवडे पोराला खाली मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, बसवून ठेवलं, की त्याच्या ऐन उमेदीचं एक अख्खं वर्ष संघाच्या खिशात.

शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटच्या बाबतीत नेमकं हेच केलं. सराव सामन्यांत तो चेंडू मैदानाबाहेर भिरकावत होता. संघ म्हणाला, फिल्डिंग अजून सुधारायची आहे. ती १७ एप्रिलपर्यंत सुधारली. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एक कमी. खेळाडू संघटनेने तक्रार केली आणि २०२० च्या जानेवारीत लवादाने निकाल संघाच्या बाजूने दिला. हेतू सिद्ध करणं अवघड असतं. तारखा मात्र बोलत राहतात.

ब्रायंट फलंदाज होता, एवढं लक्षात असू द्या. फलंदाजाचं चांगलं वर्ष पुढे ढकललं तरी बहुधा मिळतं. पिचरचं तसं नसतं, आणि मला जे म्हणायचंय ते एवढ्यावरच आहे. संघ नव्याने उभा करणाऱ्या मंडळींनी तरुण पिचरचा हात मुदत ठेवीसारखा वापरायला सुरुवात केली: आज हात लावू नका, पाच वर्षांनी व्याजासकट काढू. पण ही ठेव नव्हे, मंडईतली पालेभाजी आहे. आणलीत त्या दिवशी शिजवा, नाहीतर कुणाला तरी विका.

पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो. जाडी फारशी नाही, पण ताशी शंभर मैलांच्या चेंडूचा ताण त्याच्यावर येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या डॉजर्सच्या पिचरच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून कोपरात बसवला. टॉमी जॉन १९७६ ला परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. आज मायनर लीगमधल्या पोरांच्या तोंडी हे नाव आपल्याकडे 'अपेंडिक्स' असावं तितक्या सहज असतं. मेजर लीगनेच डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात २००५ साली जखमी यादीत पिचर गेल्याच्या २१२ नोंदी आहेत, २०२४ साली ४८५. मधल्या काळात वेग वाढला. २००८ मध्ये सरळ वेगवान चेंडूची सरासरी ९१.३ मैल होती, २०२४ मध्ये ९४.२. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा हीच आता शिकवण, कारण वर येण्याची तिकीटखिडकी वेगाचीच आहे.

आता आमच्या गावाकडे येऊ. पिट्सबर्ग पायरेट्स हा संघ १९७९ नंतर जगज्जेता झालेला नाही. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं तो जिंकण्यापेक्षा जास्त हरला. २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं जरा दिवाळी झाली. १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री काळे कपडे घातलेल्या प्रेक्षकांनी सिनसिनाटीच्या पिचरच्या नावाचा असा काही गजर केला की त्याच्या हातून चेंडूच गळून पडला, आणि पुढच्याच चेंडूवर होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर फटका. मग परत काळोख. २०१९ च्या अखेरीस बेन चेरिंग्टन जनरल मॅनेजर झाले, होते ते खेळाडू विकून पोरं आणली, २०२१ मध्ये १०१ सामने हरले, २०२२ मध्ये १००. याला इथे 'रीबिल्ड' म्हणतात. पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात प्रसादाच्या रांगेत मला एक काका भेटतात. मूळचे साताऱ्याचे, इथे चाळीस वर्षं. दर वसंतात त्यांचं ठरलेलं वाक्य असतं: "पाच वर्षांचा प्लॅन आहे म्हणतात. दहा वर्षं झाली, पाच उरलीतच."

हरल्याचं फळ म्हणून २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पायरेट्सला पहिला क्रमांक मिळाला आणि त्यांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा पॉल स्कीन्स घेतला. ९२ लाख डॉलर बोनस, तोवरच्या ड्राफ्टमधला विक्रम. २०२४ चा हंगाम मार्चच्या शेवटी सुरू झाला तेव्हा स्कीन्स इंडियानापोलिसला, मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर होता. तिथल्या सात सामन्यांत २७ इनिंग आणि एक आऊट एवढी त्याची हजेरी, त्यात ४५ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकमध्ये फलंदाज बाद), आणि दर नऊ इनिंगमागे एक धावसुद्धा नाही. ११ मे रोजी त्याला वर आणलं.

त्या दुपारी आम्ही क्लेमेंटे पुलावरून चालत गेलो. सामन्याच्या दिवशी हा पूल गाड्यांना बंद असतो; पिवळ्या लोखंडाखालून पिवळे-काळे शर्ट घातलेली माणसं वारीसारखी चालतात. मिशीवाला तो लांबोळका पोरगा, स्कीन्स, पिचरच्या टेकाडावर चढला आणि त्याने पहिला चेंडू टाकला. झेलणाऱ्याच्या मिटचा, म्हणजे जाड हातमोज्याचा, आवाज आमच्या वरच्या मजल्यापर्यंत आला. कोरडा, लाकूड तडकावं तसा. माझ्या शेजारच्या बाईंनी मूठभर पॉपकॉर्न तोंडाशी नेलं होतं, ते तसंच राहिलं. चार इनिंग टाकून पाचव्यात तो खाली उतरला तेव्हा सात जण स्ट्राइकआऊट झाले होते. मग बुलपेनमधून आलेल्यांनी (राखीव पिचरांनी) बेस भरलेले असताना चेंडू बाहेर टाकून-टाकून फुकट धावा वाटल्या, मध्येच पाऊस, दोन-एक तास थांबणं, आणि अखेर १०-९ असा विजय. रीबिल्ड म्हणजे काय हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर तो एक सामना पाहावा: एक जण देवासारखा टाकतो आणि बाकीचे ते उधळतात.

स्कीन्सने त्या वर्षी १३३ इनिंगमध्ये १७० स्ट्राइकआऊट घेतले, इआरए १.९६. हा आकडा नऊ इनिंगमागच्या धावा सांगतो. तीनच्या खाली असला की माणूस उत्तम. नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदितही तोच ठरला. आणि इथे खरी गंमत झाली. ब्रायंट प्रकरणाने बदनामी झाल्यावर २०२२ च्या करारात एक कलम आलं: नवोदितांच्या मतदानात जो पहिला किंवा दुसरा येईल त्याचं वर्ष दिवस न मोजता पूर्ण धरायचं. म्हणजे मे महिन्यात येऊनही स्कीन्सचं २०२४ पूर्ण भरलं आणि २०२९ नंतर तो मोकळा होणार. त्याच करारात दुसरं कलम होतं: अशा पोराला सुरुवातीपासून वर ठेवलंत आणि त्याने बक्षीस जिंकलं, तर संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड बक्षीस. ती पायरेट्सला मिळाली नाही, कारण त्यांनी त्याला उशिरा आणलं. ना वर्ष वाचलं, ना निवड मिळाली. तेलही गेलं, तूपही गेलं.

पायरेट्सच्या बाजूने बोलायचं तर ते म्हणतील, आम्ही पैसे नव्हे, हात वाचवत होतो. पोरगा कॉलेजात १२० च्या वर इनिंग टाकून आलेला, व्यावसायिक सामन्यांत आदल्या वर्षी सातही इनिंग पूर्ण नाहीत. त्याला हळूहळू चढवायला नको? हे म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्याच्या हातात क्लिकर आहे त्याने ते उडवून लावूही नये. कब्जच्या मार्क प्रायरने २००३ मध्ये बावीस-तेविसाव्या वर्षी २११ इनिंग टाकल्या, वर प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, सामने. २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. तेव्हापासून सगळा धंदा दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखा ताक फुंकून पितो.

पण एक साधा प्रश्न मला कुणी सोडवून द्यावा. इंडियानापोलिसला टाकलेला ९९ मैलांचा चेंडू कोपराला सवलत देतो का? स्कीन्स एप्रिलभर घरी बसलेला नव्हता. तिथे टाकतच होता, आधी तीन इनिंग, मग चार, मग पाच-सहा. तेच तीन-चार इनिंगचे डाव पिट्सबर्गला टाकता आले असते. चेंडूंवर मर्यादा घालायला मायनर लीगची गरज नाही; मर्यादा मॅनेजरच्या वहीत असते, गावाच्या नावात नसते. अस्थिबंधात असतील-नसतील ते चेंडू मोजकेच. ते कुणासमोर खर्चायचे एवढंच संघाच्या हाती. काळजी म्हणून पोराला खाली ठेवतात तेव्हा काळजी आणि काटकसर अशा काही गुंफल्या जातात की कुठली कुठे संपते ते खुद्द संघालाही सांगता येत नसावं.

मनावरचा ताण वेगळा असतो, खाली शिकणं सोपं जातं, हा आक्षेप उरतो, आणि तो रास्त आहे. ज्याला तिसऱ्या प्रकारचा चेंडू जमत नाही, ज्याचे चेंडू बाहेर जातात, त्याला खालीच ठेवावं. माझा वाद तयार झालेल्या पोरांपुरता आहे. आणि तयार कोण हे ओळखणं फार कठीण नसतं. पुलावरच्या पॉपकॉर्नवाल्यालाही कळतं.

मग आला बबा चँडलर. २०२१ च्या ड्राफ्टमधला, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळायला निघालेला, पायरेट्सने ३० लाख डॉलर देऊन वळवलेला. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये तो इंडियानापोलिसला फलंदाजांची धूळधाण करत होता. वर पायरेट्सने ८ मे रोजी मॅनेजर डेरेक शेल्टनला काढून टाकलं. स्टेडियमात मालक बॉब नटिंग यांना उद्देशून "सेल द टीम"चे नारे चालू होते. चँडलर खालीच. जून, जुलै. खाली त्याची लय बिघडली, चेंडू सुटायला लागले. मला त्याचं नवल वाटलं नाही. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं: न फिरवल्यामुळे, हे उत्तर आपण शाळेतच शिकलो. ज्या पोराला खाली सिद्ध करण्यासारखं काही उरलं नाही त्याला तिथेच बसवलं तर तो सडतो. अखेर २२ ऑगस्टला तो आला, बुलपेनमधून, आणि पहिल्याच दिवशी चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या. तारीख लक्षात घ्या. त्या तारखेनंतर नवोदितपण संपण्याइतके ४५ दिवस उरत नाहीत. म्हणजे २०२६ मध्ये तो पुन्हा 'नवोदित', आणि ती जादा निवड मिळवण्याची संधी पुन्हा संघाच्या हाती. हेतूचा पुरावा माझ्याकडे नाही. तारीख आहे.

माझं खरं दुःख जॅरेड जोन्सचं आहे. स्कीन्स येण्याआधी २०२४ च्या सुरुवातीला बावीस वर्षांचा जोन्स थेट मुख्य संघात आला होता. स्कीन्स, जोन्स आणि येऊ घातलेला चँडलर, अशी त्रिमूर्ती २०२५ मध्ये आम्ही बघणार होतो. मंदिरातल्या काकांनीसुद्धा "यंदा काहीतरी होईल" म्हणून घेतलं होतं. मार्चमध्ये जोन्सचं कोपर दुखायला लागलं, मेमध्ये शस्त्रक्रिया, वर्ष गेलं. तिघांची ती फळी २०२५ मध्ये एकदाही उभी राहिली नाही. जो 'पुढचा हंगाम' राखून ठेवला होता तो आलाच नाही, कारण तो राखण्यासारखा नव्हताच.

डेट्रॉइटचं उदाहरण याहून बोलकं आहे. टायगर्सच्या पुनर्बांधणीत तीन पोरं होती: २०१८ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा केसी माइझ, २०१६ चा पहिल्या फेरीतला मॅट मॅनिंग, आणि नवव्या फेरीत उचललेला, कॉलेजातच कोपराची शस्त्रक्रिया झालेला टारिक स्कुबल. माइझ आणि स्कुबल २०२० मध्ये वर आले, मॅनिंग २०२१ मध्ये. माइझला २०२२ मध्ये टॉमी जॉन. मॅनिंग घसरत-घसरत २०२५ मध्ये दुसऱ्या संघाकडे गेला. आणि नवव्या फेरीतल्या स्कुबलने २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, घेतला. हे आधी कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो एका पिचरसाठी पाच वर्षांचा आराखडा आखतो तेव्हा तो नियोजन करत नसतो, ज्योतिष सांगत असतो.

राखण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण स्टीवन स्ट्रासबर्गचं. २०१० च्या जूनमध्ये वॉशिंग्टनसाठी पहिला सामना खेळताना त्याने १४ जणांना स्ट्राइकआऊट केलं. समोर कोण होतं विचारू नका, आम्हीच. दोन-तीन महिन्यांत कोपर गेलं. २०११ च्या सप्टेंबरमध्ये तो परतला, २०१२ मध्ये संघ ९८ सामने जिंकून अव्वल होता, आणि सप्टेंबरमध्ये संघाने त्याला बसवलं: १५९ इनिंग पुरे, हात पुढच्यासाठी ठेवू. प्लेऑफच्या पाचव्या, निर्णायक सामन्यात वॉशिंग्टन हरलं. लोकांनी छी-थू केली. मग २०१९ मध्ये वॉशिंग्टन जगज्जेतं झालं आणि अंतिम मालिकेचा मानकरी स्ट्रासबर्ग ठरला. आता तीच माणसं म्हणाली, बघा, राखला म्हणून टिकला. त्याला २४ कोटी ५० लाख डॉलरचा सात वर्षांचा करार मिळाला. त्या करारात तो आठ सामने खेळू शकला. २०२४ मध्ये निवृत्त. आता सांगा, २०१२ चा निर्णय बरोबर की चूक? माझं उत्तर असं की, त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि हेच महत्त्वाचं आहे. मायामीने २०२३ मध्ये वीस वर्षांच्या युरी पेरेझला अगदी जपून, ९१ इनिंगवर थांबवलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याची टॉमी जॉन झालीच. जपल्याने हात वाचतो असंही नाही, न जपल्याने जातोच असंही नाही. जिथे हाताचा भरवसा नाही तिथे एकच गोष्ट खात्रीची: पोरगा आज ठणठणीत आहे.

क्रिकेटवाल्यांना हे ऐकून बुमराह आठवेल. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार असं आधीच ठरवलं होतं, तीनच खेळला, आणि भारत जिंकला त्या दोन कसोट्यांत तो नव्हता. पारावर यावरून बरीच धुणी धुतली गेली. पण बोर्डाला बुमराहला कमी खेळवून त्याचा पगार एक वर्ष दाबून धरता येत नाही. तिथला वाद निदान फक्त पाठीचा आहे.

पायरेट्सचा आणखी एक अपराध आहे, आणि तो मला तारखांच्या चलाखीपेक्षा मोठा वाटतो. समजा पोराला वर आणला, वेळेवर आणला, पुढे काय? २०२५ मध्ये स्कीन्सचा इआरए १.९७ होता, २१६ स्ट्राइकआऊट, साय यंग एकमताने. आणि त्याची जय-पराजयाची नोंद? १० विजय, १० पराभव. संघाने त्या वर्षी सगळ्या ३० संघांत सर्वांत कमी धावा केल्या, होमरनही सर्वांत कमी, ११७. मुख्य संघाचा शेवट ७१-९१. वर सोन्याचा कळस आणि खाली देवळाला भिंतीच नाहीत. ज्या दिवशी असा पिचर वर येतो त्या दिवशी पुनर्बांधणी संपलेली असते, संघाने जाहीर केली असो वा नसो. त्या दिवसापासून घड्याळ चालू. मग पुढच्या वर्षी खर्च करू, त्याच्या पुढच्या वर्षी बघू, हे 'आज रोख, उद्या उधार'च्या पाटीचं उलटं रूप झालं: प्रेक्षकाकडून आज रोख, आणि जिंकणं उद्याच्या उधारीवर.

ह्यूस्टन आणि शिकागोचे दाखले देऊन सगळे रीबिल्डचं समर्थन करतात. ह्यूस्टन २०११ ते २०१३ मध्ये ३२४ सामने हरलं आणि २०१७ मध्ये जगज्जेतं झालं, हे खरं. पण नीट बघा ते कशाच्या जोरावर. आल्टुवे, स्प्रिंगर, कोरेया, ब्रेगमन: सगळे फलंदाज. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकाने घेतलेला पिचर मार्क अपेल ह्यूस्टनसाठी कधीच खेळला नाही. २०१४ चा पहिल्या क्रमांकाचा पिचर ब्रेडी एकेन याच्या कोपराबद्दल शंका निघाली, करारच झाला नाही, आणि त्याबदल्यात मिळालेल्या निवडीतून ब्रेगमन आला. पिचर त्यांनी नंतर आणले. जस्टिन व्हरलँडर २०१७ च्या ३१ ऑगस्टला, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या मुदतीच्या शेवटच्या काही मिनिटांत. कब्जनेही फलंदाज वाढवले आणि जॉन लेस्टरला साडेपंधरा कोटी डॉलर मोजून आणलं. दोघांनी टिकाऊ माल घरी पिकवला आणि नाशिवंत माल गरज पडली तेव्हा बाजारातून घेतला. पायरेट्सने नाशिवंत माल पिकवला आणि बाजाराला जायचंच विसरले. २०१८ मध्ये तर पिकवलेला गेरिट कोल ह्यूस्टनला देऊन टाकला होता. न्यूयॉर्कने पुढे त्याला ३२ कोटी ४० लाखांचा करार दिला.

म्हणून २०२५ च्या डिसेंबरमध्ये पायरेट्सने योहान ओव्हिएडो आणि माइक बरोज हे दोन पिचर देऊन फलंदाज घेतले तेव्हा इथे बरीच आरडाओरड झाली, पण मी टाळ्या वाजवल्या. ओव्हिएडोच्या बदल्यात बोस्टनचा होतकरू आउटफिल्डर, बरोजच्या बदल्यात तिहेरी सौद्यातून ब्रँडन लो, आणि वर रायन ओहर्नला दोन वर्षांचे २ कोटी ९० लाख. उशीर झाला, वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण घोडं निघालं. ज्या संघाकडे सात-आठ तरुण पिचर आहेत त्याने त्यातले दोन-तीन ठणठणीत असतानाच विकावेत. दुखायला लागल्यावर गिऱ्हाईक मिळत नाही.

हा सगळा एका खासगी कंपनीचा कारभार, त्यात आपण कोण, असं कुणी म्हणेल. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग आणि आसपासच्या परगण्यांतल्या मतदारांनी स्टेडियमसाठी विक्रीकर वाढवायला स्पष्ट नकार दिला होता. मग राजकारण्यांनी 'प्लॅन बी' नावाने दुसऱ्या वाटेने पैसा उभा केला आणि २००१ मध्ये पीएनसी पार्क उघडलं. २० कोटी डॉलरहून अधिक खर्च, त्यातला बहुतेक सरकारी. नदीकाठचं इतकं देखणं मैदान देशात दुसरं नसेल. पण ज्याच्या मांडवाचा खर्च गावाने केला, त्याने जेवणावळ पुढच्या साली आहे असं दरवर्षी सांगू नये.

याच संघाचा आपल्याशी एक जुना धागा आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशातल्या दोन पोरांशी करार केला होता, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भालाफेक करणारी ही मुलं भारतातल्या एका वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडली गेली होती. रिंकू काही वर्षं खालच्या पायऱ्यांवर टिकला, मग हातानेच दगा दिला. पुढे तो कुस्तीच्या व्यावसायिक आखाड्यात गेला. पिचिंगच्या धंद्यात ज्यांची नावं कधी वर आलीच नाहीत अशांची यादी वर आलेल्यांपेक्षा फार लांब आहे. खाली घालवलेला प्रत्येक महिना त्यांच्या बाजूने मोजून बघावा.

मग उपाय काय? बक्षिसाच्या कलमांनी भागणार नाही; ती संघाला एक नवी तारीख शोधायला लावतात, एवढंच. माझ्या मते पिचरची वर्षं वर आल्या दिवसापासून मोजूच नयेत. ज्या दिवशी त्याने पहिल्या व्यावसायिक करारावर सही केली तिथून मोजावीत. कॉलेजातून आलेल्याला सहीपासून सात वर्षं, शाळेतून आलेल्याला नऊ, असं काहीतरी. आकडे खाली-वर करा, तत्त्व तेवढं ठेवा. मग खाली ठेवल्याने संघाचा फायदा शून्य होईल, उलट प्रत्येक दिवस वाया जाईल. पोराला खाली ठेवतील तर फक्त खरोखर शिकायचं असेल म्हणून. गरीब संघांचं काय, असं विचारतात. गरीब संघांना यात थोडा तोटा आहे, मान्य. पण पायरेट्ससारख्या संघांना जो एक वर्षाचा जादा ताबा मिळत आला, त्याचं त्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत काय केलं हे पेन हिल्सच्या काकांना विचारा.

सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या खेपेला, २०२१ च्या डिसेंबरात मालकांनी टाळं लावलं होतं ते ९९ दिवस चाललं. या वेळी टेबलावर पगाराच्या कमाल मर्यादेचं मोठं भांडण असेल, कोट्यधीश विरुद्ध अब्जाधीश, रोज बातम्या. १७२ हा आकडा कुठेतरी परिशिष्टात पडून राहील. तो मला पहिल्या पानावर हवा आहे.